पानाची मर्यादा आणि पंगतीचा धर्म

वाचकहो, पान वाढणे हीही एक विद्याच आहे. प्रथम मीठ. त्याच्या डाव्या बाजूस लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या बाजूस भाजी, आमटी, मध्ये भात. असे का? डावीकडचे चवीपुरते घ्यायचे, उजवीकडचे पोटभर. म्हणून ते जेवत्या हाताजवळ. क्रमही ठरलेला : आरंभी वरणभात-तूप, मग पोळी-पुरी व पक्वान्न, शेवटी ताकभात.

हे सगळे साधले, तरी एकाला तुपाची धार आणि शेजाऱ्याला थेंब, असा पंक्तिभेद झाला की पान बाटलेच म्हणा! पितरांसाठी रांधलेले अन्न नाथमहाराजांनी आधी भुकेल्या अंत्यजांना वाढले, ही कथा आपण कीर्तनात सांगतोच. दर्शनातला भेद मिटावा म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले. पानातला भेद मिटवायला उपोषण नको, ओगराळे सारखे धरले की झाले.

आता मुलुंड-बोरिवलीच्या कार्यालयांतून उभ्याने जेवण आले. येऊ द्या. पण आचारी, वाढपी, भांडी घासणारी बाई यांच्या ताटात गोड पोहोचले का, हे यजमानाने स्वतः जाऊन पाहावे. सर्वांचे आटोपल्याशिवाय पंगतीतून उठू नये, हा जुना नियम. त्या 'सर्वां'त ही माणसे धरली, तर पंगत मोडली असे मी म्हणणार नाही.