टँगलवुडची संगीतशाळा

अमेरिकेच्या ईशान्य भागात मॅसॅच्युसेट्स नावाचे राज्य आहे. त्याच्या पश्चिम सीमेलगत बर्कशायरच्या हिरव्यागार टेकड्या पसरल्या आहेत. त्या टेकड्यांच्या कुशीत टँगलवुड हे रम्य स्थान आहे. उन्हाळा आला की तेथे पाखरांच्या किलबिलीत व्हायोलिन, बासरी आणि नगारे यांचे स्वर मिसळतात; कारण देशोदेशींचे तरुण वादक व गायक विद्यार्जनासाठी तेथे जमतात. या संगीतशाळेची कथा मोठी उद्बोधक आहे.

१९३६ साली ही विस्तीर्ण वाडी एका कुटुंबाने बॉस्टन शहराच्या वाद्यवृंदाला दान केली. दुसऱ्याच वर्षी तेथे मोठा तंबू ठोकून जलसे सुरू झाले. १२ ऑगस्ट १९३७ च्या रात्री जलसा रंगात आला असता अकस्मात वादळ झाले. मेघगर्जनेपुढे वाद्यांचे स्वर ऐकू येईनात. तंबू गळू लागला. वादन पुनःपुन्हा थांबवावे लागले. तेव्हा गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ नावाच्या कार्यकर्त्या बाई रंगमंचावर आल्या आणि कायमचे छप्पर उभारण्यासाठी त्यांनी श्रोत्यांकडे साहाय्य मागितले. भिजलेल्या श्रोत्यांनी सढळ हाताने देणग्या दिल्या. एका वर्षाच्या आत, १९३८ साली, सुमारे पाच हजार श्रोते बसतील असा प्रचंड मंडप उभा राहिला. त्याच्या बाजू मोकळ्याच ठेवल्या होत्या. त्यामुळे बाहेरच्या हिरवळीवर बसलेल्यांनाही संगीताचा आस्वाद घेता येऊ लागला.

या वाद्यवृंदाचे प्रमुख सर्गेई कूसेवित्स्की हे मूळचे रशियाचे. त्यांचे बालपण गरिबीत गेले. चौदाव्या वर्षी ते मॉस्कोला गेले, तेव्हा फी भरण्यास त्यांच्याजवळ पैसे नव्हते. मोजक्याच वाद्यांसाठी शिष्यवृत्ती शिल्लक होती. त्यांतील ‘डबल बास’ हे मनुष्याहूनही उंच असे तंतुवाद्य त्यांनी पत्करले आणि त्यातच पुढे कीर्ती मिळवली. शिकण्याची संधी किती मोलाची असते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. म्हणून टँगलवुडला केवळ जलसे व्हावेत, एवढ्याने त्यांचे समाधान होईना. नवोदितांनी थोर कलावंतांच्या सहवासात राहून शिकावे, ही त्यांची आकांक्षा होती. ८ जुलै १९४० रोजी ती फळास आली व शाळा सुरू झाली. त्या वेळी युरोपात महायुद्ध पेटले होते आणि फ्रान्सचा नुकताच पाडाव झाला होता. उद्‌घाटनासाठी रँडल टॉम्प्सन या संगीतकाराला नवी रचना करण्यास सांगितले होते. परंतु अशा दुःखाच्या काळी जल्लोष करणे त्यांना उचित वाटले नाही. त्यांनी शांत, प्रार्थनामय समूहगीत रचले. ते विद्यार्थ्यांनी गायिले.

१९४२ साली खरी कसोटी आली. अमेरिकाही युद्धात उतरली होती. वाद्यवृंदाच्या विश्वस्तांनी त्या उन्हाळ्याचा महोत्सव रद्द केला. कूसेवित्स्की यांच्या पत्नीचे त्याच वर्षी निधन झाले होते. तरीही ते खचले नाहीत. पत्नीच्या स्मरणार्थ त्यांनी निधी स्थापन केला आणि त्याच्या आधारावर शाळा चालू ठेवली. लेनिनग्राड शहरात दिमित्री शोस्ताकोविच यांनी आपली सातवी सिंफनी रचावयास घेतली होती. ती अमेरिकेत नभोवाणीवरून ऐकविली गेली होती. पण तिचा तेथील पहिला जाहीर जलसा १४ ऑगस्ट १९४२ रोजी टँगलवुडला झाला, आणि वाजविणारे होते या शाळेचे विद्यार्थी! जे काम नामांकित वादकांचे, ते शिकाऊ मुलामुलींनी पार पाडले.

पुढे युद्धामुळे शाळा काही काळ बंद ठेवावी लागली. पण १९४६ साली ती पुन्हा गजबजली. पहिल्याच वर्षीचे विद्यार्थी लेनर्ड बर्नस्टाइन पुढे जगद्विख्यात झाले आणि याच शाळेत शिक्षकही झाले. आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनीही १९५८ च्या उन्हाळ्यात येथे शिक्षण घेतले. कूसेवित्स्की १९५१ साली निवर्तले. परंतु त्यांनी लावलेला वृक्ष आजही बहरत आहे.

मुलांनो, पावसाने तंबू भिजला म्हणून मंडप उभा राहिला. महोत्सव थांबला म्हणून विद्यार्थी पुढे आले. संकटातही ज्ञानदान थांबू न देणारी माणसे होती, म्हणूनच ही शाळा टिकली.