कर्नाळा : उंबरठ्याजवळचे देशाटन

देशाटनाने माणूस शहाणा होतो, हा सुविचार शाळेत असताना मी कितीतरी वेळा फळ्यावर लिहिला असेल. पण देशाटन हे पैसेवाल्यांचे काम, अशीच माझी समजूत होती. गेल्या वर्षी अभ्यास-सहल राजस्थानला निघाली, तेव्हा मी घरी वर्गणीचा आकडासुद्धा सांगितला नाही. आई चार घरची धुणीभांडी करते; घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. मैत्रिणी गेल्या त्या रविवारी मी आईला म्हटले, "आई, आपण कर्नाळ्याला जाऊ." नवीन पनवेलमधील आमच्या गच्चीवरून तो अंगठ्यासारखा सुळका रोज दिसतो, पण आम्ही दोघी तिकडे कधीच गेलो नव्हतो.

जिज्ञासू प्रवाशाला लांबचे तिकीट लागत नाही, प्रश्न लागतात, हे त्या दिवशी मला कळले. तेच येथे मांडते.

पहिला प्रश्न : येथे कोण होऊन गेले? पेणकडे जाणाऱ्या एस.टी.ने पळस्पे ओलांडले की शिरढोण लागते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके येथे जन्मले. इंग्रजांविरुद्ध सशस्त्र बंड उभारणारा हा पुरुष १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात मरण पावला. परीक्षेसाठी मी हे पाठ केले होते. पण ते गाव आपल्यापासून अर्ध्या तासावर आहे, हे कधी मनात आले नव्हते.

दुसरा प्रश्न : किल्ला येथेच का? वर गेल्यावर उत्तर डोळ्यांना दिसते. बोरघाटातून उतरणारी वाट आणि पनवेल व आपट्याच्या खाड्या यांवर येथून नजर ठेवता येई. म्हणूनच तो हातोहात फिरला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना तो मोगलांना द्यावा लागला, १६७० मध्ये परत मिळाला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला.

तिसरा प्रश्न : येथे आज कोण राहते? पायथ्याचे जंगल १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. पावसाळ्यात स्वर्गीय नर्तक आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पाहुणे पक्षी येथे येतात. माझ्या वहीत पक्ष्यांची नावे होती. पण झाडे मला एकही ओळखता येईना. आई मात्र थांबून थांबून सांगत होती, "आगं, ह्यो पांगारा. आपल्या बांधावर हुता. फुलला की पाखरं नुसती तुटून पडत्यात." आमचे मूळ गाव पाटण तालुक्यातले. आईला अक्षर येत नाही, पण त्या दिवशी वही माझी आणि धडा तिचा होता.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना : सकाळी लवकर निघावे, पाणी भरपूर न्यावे. चढ तास-दीड तासाचा आहे. सुळक्यावर मधमाश्यांची मोठी पोळी आहेत. म्हणून धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. सुळका चढण्याचा मोह धरू नये. कचरा परत आणावा. आणि बरोबर घरातले एखादे वडीलधारे माणूस जरूर न्यावे.

सुळक्याच्या पायथ्याशी खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. तेथे भाकरी खाताना आईने एकाएकी विचारले, "त्या सहलीला किती लागत हुतं गं?" मी आकडा सांगितला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "न्हाई म्हणायचं ते मी म्हटलं असतं. तू मागायचं तरी हुतंस."

मैत्रिणी परतल्यावर मी त्यांना जयपूरविषयी पुष्कळ प्रश्न विचारले. तेथे मलाही एकदा जायचे आहे. पण तोवर घरात बसून राहणार नाही. आई परवाच विचारत होती, "आता पुढं कुठं जायाचं?"