हृदयस्पंदनाची अचूक मोजणी

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे सूक्ष्म विद्युत्-लहर असते. छातीवर टिपल्यास ती जेमतेम एक सहस्रांश व्होल्ट भरते. स्नायूंची थरथर, श्वासोच्छ्वास व आसपासचा वीजप्रवाह यांचे अडथळे तिच्यात सहज मिसळतात. यंत्राने एखादा ठोका गाळला किंवा नसलेला मोजला, तर अत्यवस्थ रुग्णाबाबत डॉक्टरांची दिशाभूल होण्याचा संभव असतो.

यावर अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जियापू पान व विलिस टॉम्पकिन्स यांनी शोधलेली गणिती पद्धत १९८५ साली प्रसिद्ध झाली. हृदयालेखातील ‘क्यूआरएस’ हा टोकदार भाग खालच्या कप्प्यांच्या आकुंचनाची खूण होय. सेकंदाला सुमारे ५ ते १५ कंपनांच्या पट्ट्याबाहेरील लहरी प्रथम गाळल्या जातात. नंतर चढउताराचा वेग काढून त्याचा वर्ग करतात. त्यामुळे संथ लहरी दबतात आणि ठोका ठळक होतो. अखेरीस १५० सहस्रांश सेकंदांची सरासरी घेऊन ती रुग्णागणिक बदलणाऱ्या मर्यादेशी ताडून पाहतात.

प्रमाणित नोंदसंग्रहावरील चाचणीत ९९.३ टक्के ठोके बरोबर ओळखले गेले. नव्या पद्धतींची तुलना आजही हिच्याशी केली जाते. मात्र यंत्राचे काम मोजणीचे. निदानाची जबाबदारी डॉक्टरांचीच, हे विसरून चालणार नाही.