आधी शिवारफेरी, मग अर्ज



पाणलोटाच्या कामाला अनुदान मिळते असे कानावर आले, की पहिला प्रश्न येतो, "फादर, अर्ज कुठे करायचा?" त्याआधीचा प्रश्न कोणी विचारीत नाही. आपल्या शिवारात पाणी पडते किती आणि जाते कुठे?

हा धडा मी चुकून शिकलो. एका गावासाठी देणगी हाती आली, पावसाळा तोंडावर होता, म्हणून घाईने नाल्यावर मातीचा बांध घातला. वरची टेकडी उघडीबोडकी. दोन पावसाळ्यांत बांध गाळाने भरला आणि विहिरी होत्या तशाच कोरड्या राहिल्या.

महाराष्ट्रात येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम 1990 नंतरच्या वर्षांत उभा राहिला. जर्मनीचा निधी नाबार्डमार्फत येई, पण गावाच्या हाती एकदम पडत नसे. आधी श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. मग गावाने समिती निवडायची, शिवाराच्या लहान तुकड्यावर काम करून शिकायचे, शेतकऱ्याला बांधावर उभे करून त्याच्या जमिनीचा आराखडा त्याच्याशी बोलून ठरवायचा. या तयारीलाही पैसे मिळत. मोठा निधी त्यानंतर. काम माथ्यावरून पायथ्याकडे: आधी टेकडीवर समतल चर व झाडे, मग शेताची बांधबंदिस्ती, नालाबांध सर्वांत शेवटी. माझे नेमके उलटे झाले होते.

भूमिहीनांना तेथे श्रमदानाच्या वाट्यातून सूट असे, हे योग्यच. चराईबंदीचा भार शेळ्या पाळणाऱ्या बाईवर पडतो, विहीरवाल्यावर नाही. तिच्या चाऱ्याची सोय ठरल्याशिवाय ठरावावर अंगठे घेऊ नयेत.

आता पाण्याचा ताळेबंद. एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. 1,000 मिलिमीटर म्हणजे 1 कोटी लिटर. माणशी रोज 55 लिटर धरले, तर 500 वस्तीच्या गावाची वर्षाची गरज तेवढीच, सुमारे 1 कोटी लिटर. म्हणजे एका हेक्टरवरचा पाऊस! मग मे महिन्यात हंडे रांगेत का? कारण बरेचसे पाणी वाहून जाते, काही उडून जाते, आणि मुरलेले आपण उपसतो. गव्हाला 6 सेंटिमीटरच्या पाच पाळ्या दिल्या, तर हेक्टरी 30 लाख लिटर लागतात. हरभऱ्याला दोन पाळ्या, 12 लाख. ज्या वर्षी पाऊस दगा देईल, त्या वर्षी कोणी किती गहू पेरायचा, हे विहिरीत पाणी असतानाच बोलून घ्यावे. आटलेल्या विहिरीचे गढूळ पाणी पिऊन पहिली हगवण लागते ती लहान मुलांना.

हा ताळेबंद कागदावर असला, तर ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या ग्रामसभेत मागणी ठामपणे मांडता येते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी पंचायतींच्या अनुदानाचा 60 टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी राखला होता. हक्काचे मागायला भिऊ नये, हे उदयनगरला निराळे सांगायला नको. धन्यवादित राणी मारिया येथल्या गरिबांना सरकारी योजना समजावून देत आणि बचत करायला शिकवीत. 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्यांची हत्या झाली.

प्रत्येक वस्तीने दोन माणसे निवडावीत, त्यांत एक पाणी भरणारी स्त्री असावी. दोरीला दगड बांधून दर महिन्याला प्रत्येक विहिरीतील पाण्याची खोली मोजावी आणि वहीत तारखेसह लिहावी. शिवारफेरीला निघताना ती वही बरोबर घ्यावी.