चुनखडीच्या रानात सामू बदलायला निघण्याआधी

रब्बीची रास घरात आली की मृगापर्यंत बरीचशी राने मोकळी असतात. माती तपासून घ्यायला याच्याइतका सोयीचा काळ नाही, आणि नव्याने शेतीत उतरलेली मंडळी तो वाया घालवत नाहीत. पेनसारखे पीएच मीटर येते, मातीचा सामू ८.२ भरतो, कुठल्याशा तक्त्यात पिकांना ६.५ ते ७.५ सामू मानवतो असे वाचलेले असते आणि दुसऱ्या दिवशी गंधकाची गोणी दारात पडते. यातली तपासणी रास्त आहे, गोणीची मात्र घाई आहे. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या बहुतेक काळ्या रानांत जमिनीचा सामू बदलण्यावर पैसा घालू नये. पाणी, खताचा प्रकार आणि पिकाची निवड बदलणे आपल्या हातात असते. खर्च करायचा तो तिथे.

कारण चुनखडीत आहे. बेसॉल्ट खडकापासून झालेल्या आपल्या काळ्या मातीत मुक्त चुना असतो, कुठे एक-दोन टक्के, कुठे दहाच्या वर. हा चुना शिल्लक आहे तोवर टाकलेले आम्ल तो खाऊन टाकतो आणि सामू पुन्हा आठाच्या आसपास येतो. हिशेब मांडून पाहा. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण ९ लाख किलो. चुना पाच टक्के धरला तर तो ४५ टन झाला. एक किलो गंधकाचे जिवाणूंमार्फत आम्ल होते आणि ते सुमारे तीन किलो चुना संपवते. म्हणजे एकरी १५ टन गंधक हवे. आपण टाकतो दहा-वीस किलो. त्याने फार तर साठ किलो चुना जाईल, आणि तेवढा विहिरीचे पाणी परत आणून घालते. एकराला १० सेंटिमीटर पाणी दिले तर ते ४ लाख लिटर होते; त्यात लिटरला ६ मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट आणि जोडीला पुरेसे कॅल्शियम असेल तर शंभर किलोंहून जास्त चुना रानात साठू शकतो.

मग कृषी विद्यापीठे गंधक आणि जिप्सम सुचवतात ते कशाला, असे कोणी विचारेल. गंधक हे तेलबियांचे अन्नद्रव्य आहे, त्यासाठी ते द्यावेच. ओळीत दिले तर मुळांजवळच्या चार बोटे मातीत थोडा फरकही पडतो. जिप्समचे काम वेगळे. नुसत्या चुन्याने सामू ८.४ च्या फार वर जात नाही. तो ८.५ च्या पुढे गेला की सोडियमचा संशय घ्यावा. पाऊस पडल्यावर रान चिकट होते, पाणी मुरत नाही, वाळल्यावर ढेकळे दगडासारखी होतात. ही चोपण जमीन. तिथे जिप्सम सोडियमला हुसकावते, पण निचऱ्याचे चर नसतील तर हुसकावलेले सोडियम तिथेच राहते. मात्रा प्रयोगशाळेनेच ठरवायची. साध्या चुनखडीच्या रानात जिप्सम टाकणे म्हणजे कॅल्शियम भरपूर असलेल्या जागी आणखी कॅल्शियम टाकणे. जीवामृत किंवा ताक ओतून सामू उतरतो हेही त्याच हिशेबात बसत नाही. सेंद्रिय द्रव्याचा फायदा खरा आहे, पण तो सामूच्या आकड्यात शोधू नये.

कोकणात आणि गोव्यात चित्र उलटे. तिथल्या जांभ्या मातीतला चुना पावसाने धुऊन नेलेला, सामू पाच-सहाच्या घरात आणि स्फुरद लोह-ॲल्युमिनियमने अडवून ठेवलेले. भाजीपाल्यासाठी तिथे प्रयोगशाळेच्या शिफारशीप्रमाणे चुना देणे परवडते. भाताला मात्र सहसा घाई नको: चिखलणी करून पाणी साठले की आम्ल मातीचा सामू काही आठवड्यांत आपोआप सातच्या जवळ सरकतो.

आता पाणी. नवख्याने इथे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण २०० लिटरच्या पिंपातला सामू चार पैशांत बदलता येतो. कॅप्टनसारखे बुरशीनाशक उदासीन पाण्यात निम्मे विघटित व्हायला काही तास लागतात, सामू ९ असलेल्या पाण्यात काही मिनिटे पुरतात. औषध लागू पडले नाही ही तक्रार कधी कधी बोअरच्या पाण्याची असते. पण नुसता सामू पाहून आम्ल किती घालायचे ते ठरत नाही. दोन बोअरचा सामू आठच असला तरी ज्यात बायकार्बोनेट जास्त त्याला आम्ल जास्त लागते. म्हणून दुसऱ्याचे प्रमाण उचलू नये. १० ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण करावे, १० लिटरच्या बादलीत ते पाच-पाच मिलिलिटर घालत ढवळावे, सामू सहा-साडेसहावर आला की थांबावे आणि लागलेले द्रावण वीसपट करून पिंपाला घालावे. ताम्रयुक्त बुरशीनाशकांना हा नियम लावायचा नाही. आम्ल पाण्यात तांबे मोकळे होऊन पाने करपतात. सुपारीच्या बागाइतदारांना हे पक्के ठाऊक असते. कोळेरोगासाठी केलेल्या बोर्डो मिश्रणात ते लोखंडी सळई किंवा कोयत्याचे पाते बुडवतात, आणि त्यावर तांबूस थर दिसला तर आणखी चुना घालतात. ठिबकच्या नळ्या साफ करायला तीव्र आम्ल वापरणार असाल तर हातमोजे-चष्मा घालून आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीही नाही.

आमच्या आजोबांनी काही न तपासता पिकवले, हा आक्षेप ऐकू येतो. त्यांचे पीक ज्वारी, तूर, कापूस होते, चुनखडी सोसणारे. मोसंबी, संत्रा तितके सोसत नाहीत. मुक्त चुना १० टक्क्यांपुढे असेल तर लिंबूवर्गीय बागेचा विचार सोडलेला बरा. भुईमूग, सोयाबीन, उसावर कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असा केवडा पडला तर लोह पानांवरून फवारून द्यावे. जमिनीतूनच द्यायचे तर ईडीटीए चिलेट चुनखडीत टिकत नाही, ईडीडीएचए टिकते. महाग आहे, पण स्वस्त चिलेट वाया घालवण्यापेक्षा परवडते. युरिया उघड्यावर फेकू नये, मातीआड करावा. अशा रानात त्यातले नत्र अमोनिया होऊन उडते.

मोजणी नीट असेल तरच हे सगळे उपयोगी. मातीत खुपसायच्या दोन सळ्यांच्या स्वस्त यंत्रावर विसंबू नका. काचेच्या टोकाचे मीटर ७ आणि ९.२ च्या बफर द्रावणात जुळवून घ्या, कोकणात ४ आणि ७ च्या, आणि टोक कोरडे पडू देऊ नका. २० ग्रॅम मातीत ५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घालून अर्धा तास अधूनमधून ढवळून मग वाचन घ्या. चुना ताडायला वाळलेल्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका, फसफसले की समजा. प्रयोगशाळेसाठी बांध, झाडाखालची आणि उकिरड्याची जागा सोडून, नागमोडी चालत, १५-२० सेंटिमीटर खोल व्ही आकाराच्या खड्ड्यांतून माती घ्या. फळबागेसाठी ९० सेंटिमीटरपर्यंत ३०-३० सेंटिमीटरचे वेगळे नमुने. सावलीत वाळवून अर्धा किलो द्या. सोबत पंप थोडा वेळ चालवून भरलेली लिटरभर पाण्याची बाटली द्या, आणि अर्जावर सामूबरोबर मुक्त चुना, क्षारता आणि पाण्यातले बायकार्बोनेट हे तीन शब्द स्वतः लिहा. पहिला पाऊस पडून वाफसा यायच्या आत अहवाल हाती हवा असेल तर नमुना याच आठवड्यात पोहोचवा.