मागच्या चाकाची खबर

उसाचा हंगाम सुरू झाला, की रस्त्याने ट्रॅक्टरच ट्रॅक्टर दिसू लागतात. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. त्यांत ऊस शिगोशीग भरलेला. कधी कधी तर उसावर तोडकरी बायामाणसे आणि पोरेही बसलेली. या सगळ्याचा भार कोण पेलतो? तो मुख्यतः ट्रॉलीची चाके पेलतात. आणि खरे सांगायचे, तर भार पेलते ती टायरमधली हवा.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याचे तोंड पुढे आणि ट्रॉली मागे. दृष्टीआड सृष्टी म्हणतात, तशी ही गत. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकातली हवा गेली, तर त्याच्या हाताला लगेच कळते. ट्रॉलीच्या चाकातली हवा हळूहळू गेली, तर त्याला पत्ताही लागत नाही. टायर फुटतो तेव्हा कळते. पण तोवर भरलेली ट्रॉली कलंडायची वेळ आलेली असते. म्हणून मागच्या चाकाची खबर आपण उतरून घ्यायची असते. ती कशी घ्यायची, ते आज पाहू.

टायर का तापतो?

एक लोखंडी तार घ्या. ती एकाच जागी भराभर दहा-वीस वेळा वाकवा आणि सरळ करा. आता त्या जागी बोट लावा. तार गरम लागते की नाही? टायरचेही तसेच आहे. चाक फिरताना टायरचा जो भाग जमिनीला टेकतो, तो दबतो. वर गेला, की पुन्हा सरळ होतो. दर फेऱ्याला हे चाललेलेच असते. त्यामुळे रबर तापते.

हवा पुरेशी असली, तर टायर थोडाच दबतो आणि बेताचा तापतो. हवा कमी असली, तर तो फार दबतो आणि फार तापतो. भार जास्त झाला, तरी तेच होते. वेग वाढवला, तर दबण्याच्या फेऱ्या वाढतात आणि थंड व्हायला सवड मिळत नाही. फार तापलेल्या टायरमधले रबर आणि आतले धागे एकमेकांना सोडू लागतात. मग टायर फुटतो. थोडक्यात, कमी हवा, जास्त ओझे आणि जास्त वेग हे टायरचे तीन वैरी आहेत. तिघे एकत्र आले, की घात ठरलेला.

हवा केव्हा मोजावी?

हवा पौंडांत मोजतात. हवा टायरच्या प्रत्येक चौरस इंचावर किती जोराने दाबते, ते त्यावरून कळते. मोजायच्या साधनाला गेज म्हणतात.

उन्हात ठेवलेल्या सायकलीची ट्यूब फट्‌दिशी फुटलेली तुम्ही पाहिली असेल. हवा तापली, की ती फुगू पाहते. तिला जागा मिळाली नाही, की तिचा दाब वाढतो. समजा, सकाळी टायर थंड असताना त्यात ८० पौंड हवा होती. आतली हवा २७ अंशांवरून ५७ अंशांपर्यंत तापली, तर गेज सुमारे ९० पौंड दाखवील. हवा तेवढीच आहे. दाब तेवढा वाढला.

इथेच पुष्कळांची फसगत होते. आकडा वाढलेला पाहून ते हवा सोडतात. टायर थंड झाला, की तीच हवा कमी पडते. दुसऱ्या दिवशी तोच टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. म्हणून तापलेल्या टायरमधली हवा कधीही सोडू नये. हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी. निदान तीन तास चाक फिरलेले नसावे आणि टायर उन्हातही नसावा.

किती हवा भरायची, ते टायर आणि ओझे यांवर ठरते. टायरच्या कडेवर जास्तीत जास्त भार आणि त्यासाठी लागणारी हवा छापलेली असते. तो आकडा थंड टायरचा असतो. ठरलेल्या हवेच्या पाचवा हिस्सा कमी भरला, म्हणजे ८० च्या जागी ६४ आली, तर तो टायर पंक्चर समजावा. तसाच चालवू नये.

वाटेत काय पाहावे?

बैल सोडताना आपण त्याच्या खांद्यावरून हात फिरवतो. खांदा सुजला तर नाही ना, हे पाहतो. ट्रॉलीच्या चाकालाही तेवढीच माया दाखवावी. गाडी जरा चालली, की रस्त्याच्या कडेला सपाट जागी थांबावे. उलटा हात प्रत्येक टायरजवळ न्यावा. धग फार नसेल, तरच टेकवावा. सगळे टायर साधारण सारखे गरम हवेत. उन्हाच्या बाजूचे थोडे जास्त गरम असणारच. पण एकच टायर इतरांपेक्षा फार तापला असेल, तर त्यात हवा कमी असेल किंवा त्याच्यावर ओझे जास्त पडत असेल. जोडचाक असेल, तर आतला टायरही पाहा. एकातली हवा गेली, की दोघांचा भार दुसऱ्यावर येतो.

टायर बरा आहे, पण चाकाचा मधला भाग चटका देतो, असे असेल तर दोष हवेचा नाही. बेअरिंगमधले ग्रीस संपले असेल किंवा ब्रेक अडकत असेल. ते मिस्त्रीला दाखवावे.

बसलेला टायर तापलेला असताना त्यात लगेच हवा भरू नये. तो थंड होऊ द्यावा आणि पंक्चरवाल्याकडून उघडून घ्यावा. हवा भरताना चाकासमोर उभे राहू नये. टायरमधून धूर येत असेल, तर माणसांना लांब न्यावे.

आता हवा आणि उष्णता दोन्ही सांगणारे यंत्रही मिळते. त्याचा छोटा तुकडा चाकात बसतो आणि आकडे चालवणाऱ्यासमोर दिसतात. असे यंत्र घेतले तर उत्तमच. पण ते नाही म्हणून काही अडत नाही. गेज, हात आणि वही एवढ्यावर काम भागते.

वही कशाला, म्हणाल? आता तुम्हांला आकडे लिहिता येतात. दर चाकाची हवा रोज लिहा. ‘पहिली ट्रॉली, डावे चाक : सोमवार ८०, मंगळवार ७८, बुधवार ७५’. हे वाचले, की कळते : या चाकातून हवा हळूहळू जात आहे. डोळ्यांना जे दिसत नाही, ते वही दाखवते. टायरवरचे आकडे इंग्रजी असतात. तेही शिकून घ्या. दहाच तर आहेत.

आणि एक शेवटचे. भरलेल्या उसावर माणूस बसवू नका. टायर गेला, तर दुसरा घेता येतो. माणूस कुठून आणणार?

प्रश्न

१. हवा कमी असलेला टायर जास्त का तापतो?
२. तापलेल्या टायरमधली हवा का सोडू नये?
३. टायर बरा, पण चाकाचा मधला भाग गरम. दोष कशाचा असेल?
४. आपल्या गावातल्या एका ट्रॉलीच्या चाकांची हवा आठ दिवस मोजून वहीत लिहा.