निर्देशिकेचा पत्ता : एका खुल्या मानकाचे अर्थकारण

एखाद्या मोठ्या कार्यालयात नवा कर्मचारी रुजू झाला की त्याचे नाव, पद, विभाग, दूरध्वनी आणि ई-मेल यांची नोंद कोठेतरी होते. पूर्वी ती आस्थापना शाखेच्या नोंदवहीत होत असे. आज ती संगणकीय निर्देशिकेत होते. कर्मचाऱ्याने सकाळी संगणक सुरू करून परवलीचा शब्द टाकला, की पडताळणी बहुधा याच निर्देशिकेकडून होते. नोंद एका ठिकाणी आणि तिचा वापर करणाऱ्या संगणकप्रणाली मात्र अनेक, अनेक कंपन्यांनी बनविलेल्या. या सर्वांनी एकाच नोंदीचा निर्देश एकाच रीतीने कसा करावा, हा प्रश्न तांत्रिक वाटतो. त्याची मुळे मात्र अर्थशास्त्रात आहेत.

निर्देशिकांसाठीचे पहिले मोठे आंतरराष्ट्रीय मानक 1988 साली ‘एक्स.500’ या नावाने पुढे आले. दूरसंचार क्षेत्रातील सरकारी व आंतरराष्ट्रीय संस्थांनी ते सिद्ध केले होते. जगातील सर्व निर्देशिकांचा एकच वृक्ष असावा आणि देश, संस्था, विभाग, व्यक्ती अशा फांद्या त्याला फुटत जाव्यात, अशी ती भव्य कल्पना होती. परंतु तिची प्रवेशपद्धती साध्या वैयक्तिक संगणकाला पेलणारी नव्हती. शिवाय मानकाचे दस्तऐवज त्या काळी विकत घ्यावे लागत. लहान विद्यापीठाला किंवा नवउद्योजकाला हा प्रवेशशुल्काचा अडसरच होता.

मार्ग काढला तो प्रामुख्याने अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने. तेथील टिम होव्ज व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून ‘हलकी’ प्रवेशपद्धती तयार झाली. तिचेच नाव एलडॅप. जुलै 1993 मध्ये ती आरएफसी 1487 या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. इंटरनेटची मानके ठरविणाऱ्या आयईटीएफ या मंचाचे आरएफसी दस्तऐवज कोणालाही विनामूल्य वाचता येतात आणि चर्चेत कोणालाही भाग घेता येतो. मानक हे सार्वजनिक हिताचे साधन मानावे की विक्रीची वस्तू, या प्रश्नाची दोन उत्तरे येथे शेजारी शेजारी दिसतात. (एक्स.500 मागील दूरसंचार संघटनेनेही पुढे, 2007 पासून, आपल्या बहुतेक शिफारशी विनामूल्य केल्या.)

याच सुमारास वेब लोकप्रिय होऊ लागले होते. वेबवरील पत्त्याचा, म्हणजे यूआरएलचा आराखडा डिसेंबर 1994 मध्ये निश्चित झाला. निर्देशिकेतील नोंदीलाही असाच एका ओळीचा पत्ता का असू नये, या विचारातून जून 1996 मध्ये आरएफसी 1959 अवतरले. डिसेंबर 1997 मध्ये त्याची जागा आरएफसी 2255 ने आणि जून 2006 मध्ये आरएफसी 4516 ने घेतली.

या पत्त्याची रचना समजून घेणे कठीण नाही. प्रारंभी ‘एलडॅप’ हे नाव, विसर्गासारखे दोन बिंदू व दोन तिरक्या रेघा. मग सर्व्हरचे नाव आणि पोर्ट क्रमांक. पोर्ट दिला नसेल तर 389 गृहीत धरतात. त्यानंतर नोंदीचे संपूर्ण विशिष्ट नाव येते. पुढील प्रत्येक भाग प्रश्नचिन्हाने वेगळा होतो : कोणते गुणधर्म हवेत, शोध कितपत खोल न्यावा, कोणत्या अटीने नोंदी गाळाव्यात आणि शेवटी विस्तार. खोली सांगितली नसेल, तर शोध त्या एका नोंदीपुरताच मर्यादित राहतो. वेबचा पत्ता बहुधा एका पानाकडे बोट दाखवितो; हा पत्ता मात्र संपूर्ण प्रश्न आपल्यासोबत वाहून नेतो. ‘अमुक विभागाखालील सर्व ग्रंथपालांचे ई-मेल द्या’ ही मागणी एका ओळीत मावते.

भारतीय वाचकांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. तिसऱ्या आवृत्तीपासून एलडॅपने यूटीएफ-8 ही लिपिसंकेतन पद्धती स्वीकारल्यामुळे देवनागरीतील नाव नोंदीत राहू शकते. पत्त्यात मात्र ते टक्केचिन्हाच्या साहाय्याने लिहावे लागते. देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते आणि प्रत्येक बाइटला तीन अक्षरस्थाने लागतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ. नाव टिकते, पण माणसाला वाचता येत नाही.

या पत्त्याचे खरे महत्त्व ‘निर्देशना’त आहे. विचारलेली नोंद आपल्याकडे नसल्यास सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरचा पत्ता परत देतो आणि विचारणारा तेथे जातो. त्यामुळे जगभर एकच वृक्ष लावण्याची गरज उरली नाही.

भारताच्या कायद्यातही असाच प्रवास दिसतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधील कलम 20 नुसार सर्व अंकीय स्वाक्षरी प्रमाणपत्रांचे भांडार सांभाळण्याचे काम प्रमाणन प्राधिकरणांच्या नियंत्रकाकडे होते. 2008 च्या दुरुस्तीने, जी ऑक्टोबर 2009 मध्ये अमलात आली, हे कलम वगळले आणि आपण दिलेल्या प्रमाणपत्रांचे भांडार होण्याचे कर्तव्य प्रत्येक प्रमाणन प्राधिकरणावर सोपविले. आता भांडारे अनेक झाली, म्हणून पत्त्याची अचूकता अधिक मोलाची ठरते. एखाद्याची गुप्त किल्ली चोरीस गेली तर त्याचे प्रमाणपत्र रद्द होते आणि रद्द प्रमाणपत्रांच्या यादीत जाते. ही यादी कोठे मिळेल, याचा पत्ता प्रमाणपत्रातच लिहिलेला असू शकतो. मे 2008 च्या आरएफसी 5280 नुसार तो वेबचा किंवा एलडॅपचा असू शकतो. एलडॅपचा असल्यास नोंदीचे नाव व नेमका एक गुणधर्म त्यात असणे बंधनकारक आहे. पत्ता चुकला किंवा सर्व्हर बंद पडला, तर निविदेवरील स्वाक्षरी तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे दोनच पर्याय उरतात : काम थांबविणे किंवा न तपासता स्वीकारणे. दोन्हींची किंमत मोजावी लागते, आणि दुसऱ्याची बहुधा उशिरा कळते.

पत्त्यावर आंधळा विश्वास ठेवल्यास काय होते, हे डिसेंबर 2021 मध्ये जगाने पाहिले. ‘लॉग4जे’ हे जावा भाषेतील, घडामोडींची नोंद ठेवणारे विनामूल्य साधन असंख्य प्रणालींमध्ये वापरले जात होते. नोंदविल्या जाणाऱ्या मजकुरात विशिष्ट स्वरूपात एलडॅपचा पत्ता आढळला, की हे साधन स्वतःहून त्या सर्व्हरकडे जाई आणि तेथून आलेला संगणकीय आदेश चालविला जाऊ शके. ही सोय 2013 पासून त्यात होती. हल्लेखोराला केवळ एक ओळ पाठवायची होती. दोष पत्त्याच्या मानकाचा नव्हता. असा पत्ता अनुसरल्यास अनपेक्षित परिणाम संभवतात, हा इशारा 1997 च्या दस्तऐवजाच्या सुरक्षाविषयक भागातच दिलेला होता. खुल्या मानकाचा लाभ सर्वांना मिळतो, परंतु त्यावर उभ्या राहिलेल्या साधनाच्या देखभालीचा खर्च कोणी करावयाचा, हे ठरलेले नसते. ‘लॉग4जे’ची देखभाल थोडे स्वयंसेवक करीत होते आणि तिचा उपयोग बड्या कंपन्या करीत होत्या. अर्थशास्त्रात ज्याला फुकट लाभार्थ्याची समस्या म्हणतात, तिचे याहून स्पष्ट उदाहरण विरळा.

भारत सरकारने ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण नोव्हेंबर 2010 मध्ये जाहीर केले. मानक स्वामित्वशुल्काविना उपलब्ध असावे, ही त्यातील महत्त्वाची अट आहे. तिचा हेतू उघड आहे : एका विक्रेत्याची निर्देशिका घेतलेल्या खात्याला पाच वर्षांनी दुसऱ्याकडे जाता यावे आणि जाताना लक्षावधी नोंदी नव्याने भरण्याचा खर्च पडू नये. मात्र निविदेत मानकाचे नाव लिहिणे पुरेसे नसते. विक्रेते मानकाच्या विस्तार-भागात स्वतःच्या खास सोयी घालू शकतात आणि ग्राहक त्यांना सरावला की बदलाचा खर्च पुन्हा वाढतो. आरएफसी 2255 ने सुचविलेला एक विस्तार कोणी अमलात आणल्याचे आढळले नाही, म्हणून 2006 च्या आवृत्तीतून तो काढून टाकण्यात आला. सरकारी खात्यांच्या तांत्रिक विनिर्देशांची अशी छाटणी क्वचितच होते.